आधी लोहचुंबक, मग पॉलिश पेपर : खेळण्यातल्या रेल्वेचे जुने रूळ साफ करताना

मामाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा गिरगावातल्या आमच्या चाळीच्या माळ्यावर एकवीस वर्षं पडून होता. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा तो खाली आला. झाकण निघेना म्हणून उलथन्यानं उचकटलं, तर आत खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ. अडतीस तुकडे, चार सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे तुकडे), एक इंजिन, तीन डबे. रुळांवर इतका गंज की बोटांना लाल पूड लागली, आणि साडीवर सांडलेली ती पूड दोनदा धुऊनही गेली नाही.

मामा हार्बर लाइनवर मोटरमन होता. १९७४ साली त्यानं हा संच चोर बाजारातून आणला. दरवर्षी दिवाळीत चाळीच्या गॅलरीत तो मांडायचा, रांगोळीला वळसा घालून गाडी फिरायची, आणि मजल्यावरची सगळी पोरं भिंतीला टेकून रांगेत बसायची. "बाय, आमच्या गाडीला वर तार असते. हिच्या दोन्ही तारा पायाखाली," असं त्यानं मला रूळ दाखवत समजावलं होतं. खेळण्यातल्या गाडीच्या देखभालीतलं सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. लोकलचे रूळ गाडीचं वजन पेलतात आणि वीज परत नेतात. या गाडीचे रूळ वीज आणूनही देतात आणि परतही नेतात, तीही जेमतेम १२ व्होल्ट. लोकलला हार्बरवर तेव्हा १५०० व्होल्ट डीसी मिळायचे. १२ व्होल्टला रुळावरचा कागदाइतका पातळ थरसुद्धा भिंतीसारखा वाटतो. म्हणून हे रूळ दिसायला स्वच्छ असून भागत नाही, त्यांचा माथा विजेला मोकळा लागतो.

मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. आम्लं, तराजू, चंचुपात्रं हा माझा रोजचा व्यवहार. तरीही पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. घरातली पितळी भांडी चिंचेनं लखलखतात, म्हणून सगळेच रूळ रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले. सकाळी पोलादी तुकड्यांचा गंज बराच सुटला होता. पण आठ तुकडे, जे आदल्या दिवशी फक्त मळकट करडे होते, ते तांबूस गुलाबी होऊन बाहेर आले. त्या धातूत जस्त असतं. आम्लानं वरच्या थरातलं जस्त ओढून नेलं आणि तांबं मागे राहिलं. ते आठ तुकडे समोर ठेवून मी बराच वेळ बसले. मामानं ते एकेक करून जमवलेले.

त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे. रुळाला पाणीसुद्धा लावण्याआधी तो कुठल्या धातूचा आहे हे ठरवायचं. जुने रूळ गंजानं जितके खराब होतात त्याहून जास्त चुकीच्या सफाईनं होतात, हे मी आता इतरांचे डबे उघडताना वारंवार पाहते.

फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक घ्या आणि रुळाच्या पट्टीला लावा. चिकटलं तर पोलाद किंवा पत्रा. नाही चिकटलं आणि रंग पिवळा असेल तर पितळ. नाही चिकटलं आणि रंग चांदीसारखा करडा असेल तर ते निकेल सिल्व्हर, म्हणजे आपल्या पूजेच्या ताम्हणा-निरांजनांमुळे घराघरात माहीत असलेलं जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. फिशप्लेट, म्हणजे दोन तुकडे जोडणारी ती बारीक पन्हळीसारखी पट्टी, पुष्कळदा वेगळ्या धातूची असते. तिला चुंबक चिकटलं म्हणून रूळही पोलादी असं धरू नका. चुंबक पट्टीच्या मधोमध लावा.

माझ्या डब्यातल्या अडतीस तुकड्यांत सव्वीस पोलादी निघाले, आठ जर्मन सिल्व्हरचे आणि चार पत्र्याचे. पोलादी आणि जर्मन सिल्व्हरच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. दुकानात याला ओओ किंवा एचओ म्हणतात. दोन्हींत रुळांमधलं अंतर सारखंच. आपल्या लोकलच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं, त्यामुळे पट्टीवर मोजताना मला नेहमी दादरच्या रुळांचा शंभरावा भाग हातात धरल्यासारखं वाटतं. पत्र्याचे चार तुकडे मात्र मोठे, ३२ मिलिमीटरचे, आणि त्यांना मधोमध तिसरा रूळ.

त्या पत्र्याच्या तुकड्यांबद्दल आधी सांगून टाकते, कारण त्यांचं काम सगळ्यात थोडं आहे. ते हॉर्नबीचे आहेत. मुंबईकरांना हे नाव जुन्या हॉर्नबी रोडमुळे, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडमुळे ओळखीचं. पण हा हॉर्नबी वेगळा, लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी, मेकॅनो शोधून काढणारा. त्याच्या कंपनीनं १९२० साली पत्र्याच्या गाड्या काढल्या, किल्लीवर चालणाऱ्या. विजेवरची पहिली १९२५ ची. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. या रुळांचा पत्रा लोखंडी असतो आणि त्यावर कथलाचा पातळ मुलामा. तो मुलामाच त्यांचं संरक्षण. पॉलिश पेपरनं घासलात की मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आम्लातही हे तुकडे बुडवू नका, आणि पाण्यात अजिबात नाही, कारण मधल्या रुळाखाली विजेला अडवणाऱ्या पुठ्ठ्यासारख्या पट्ट्या असतात. त्या भिजून फुगतात. मऊ ब्रशनं धूळ झटका, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सुती फडक्यावर घेऊन हलकेच फिरवा, गंजाचे ठिपके लाकडी दातकोरणीनं खरवडा, कोरड्या फडक्यानं तेल पुसून घ्या. डाग राहिले तर राहू द्या.

आता पोलादी रूळ. मुंबईतल्या बहुतेक डब्यांमध्ये हेच जास्त, आणि त्यांचेच हाल जास्त.

काम कधी करायचं हे महत्त्वाचं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी असते तेव्हा करा. जून ते सप्टेंबर हात लावू नका. गंज काढलेलं उघडं पोलाद पावसाळी हवेत तासाभरात पुन्हा पिवळट होताना मी पाहिलं आहे. समुद्राजवळ राहत असाल तर हवेतलं मीठ भर घालतं. मीठ ओलावा धरून ठेवतं. गिरगावातला आमचा माळा चौपाटीपासून चालत सात मिनिटांवर होता, तेवढं पुरेसं झालं.

आधी तुकडे सुटे करा. फिशप्लेट ओढताना रूळ हातात धरून हिसका देऊ नका, जुने प्लॅस्टिकचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, कडक झालेले असतात आणि रूळ धरून ठेवणारी त्यांची बारीक नखं तुटतात. लांब नाकाच्या पकडीनं फिशप्लेट धरायची आणि रुळाच्या रेषेत सरळ ओढायची. अडकली तर टर्पेंटाइनचा एक थेंब जोडात सोडा, अर्धा तास थांबा. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचो, आता ते सहज मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन तेच काम करतं. थिनर मात्र नको, आणि नेलपॉलिश काढायचं रिमूव्हरही नको, स्लीपर वितळतात.

मग भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. ही पायरी लोक टाळतात. जुन्या रुळांवर इंजिनातून ठिबकलेल्या तेलाचा थर असतो, त्यावर धूळ, आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा चिकटा. त्या तेलाखाली आम्ल पोचत नाही. आधी चिकटा काढला तर पुढचं काम निम्म्या वेळात होतं. पाणी कोमटच हवं. कढत पाण्यात स्लीपर वाकतात, आणि वाकलेला तुकडा परत सरळ होत नाही.

गंज काढायला मी सायट्रिक आम्ल वापरते. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. जास्त हवं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात किलोवर मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. प्लॅस्टिकचा पसरट ट्रे घ्या, म्हणजे तुकडे आडवे बुडतील. ॲल्युमिनियमचं भांडं नको. तुकडे पालथे ठेवा, रूळ खाली आणि स्लीपर वर, म्हणजे सुटलेली पूड रुळाच्या खोबणीत न बसता तळाशी जाते.

पाचेक मिनिटांत रुळाच्या कडेनं बारीक बुडबुडे दिसायला लागतात, मोत्यांच्या सरीसारखे एका ओळीत. पाणी हळूहळू पिवळसर होतं, मग फिक्या चहासारखं. दर अर्ध्या तासानं एक तुकडा उचलून टूथब्रशनं घासून बघायचा. हलका गंज तासाभरात जातो, जाड गंजाला दोन ते तीन तास लागतात. त्याहून जास्त ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. गंज संपला की आम्ल पोलाद खायला लागतं. तुकडा बाहेर काढल्यावर रुळावर काळपट करडा थर दिसेल. तो गंज नाही. ब्रशनं आणि फडक्यानं पुसला जातो.

संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आमच्या प्रयोगशाळेत ज्या कपाटात त्याच्या बाटल्या असायच्या, त्याच्या शेजारच्या स्टँडांना आणि चिमट्यांना आम्ल कधीच लागलं नव्हतं, तरी ते गंजायचे. नुसत्या वाफेनं. रूळ त्यात चकचकीत निघतात आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा वाईट होतात. तीच बाटली ज्या खोलीत उघडाल तिथली शिलाई मशीन आणि सायकलही जाते.

आम्लातून काढलेला तुकडा नळाखाली धुवा. मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं त्यात बुडवा, म्हणजे स्लीपरच्या फटींत राहिलेलं आम्ल मरतं. पुन्हा धुवा. यानंतर घाई करायची. एकावेळी चारपेक्षा जास्त तुकडे घेऊ नका, कारण ओले तुकडे रांगेत वाट बघत राहिले की शेवटच्यावर पिवळी झाक येते. सुती फडक्यानं पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्यानं परत पुसा, ते उरलेलं पाणी आपल्यात ओढून घेऊन उडून जातं. मग हेअर ड्रायर, कमी आचेवर, वीतभर लांबून, दोन मिनिटं. मी आणि माझा भाचा मिळून करतो: मी धुते, तो वाळवतो. "आत्या, नखाखाली अजून ओलं आहे," असं म्हणून तो तुकडा परत देतो तेव्हा मला फार बरं वाटतं, कारण स्लीपरची नखं जिथे रुळाला धरतात ती जागाच सगळ्यात उशिरा वाळते.

अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानात जखम पुसायला मिळतं ते पुष्कळदा ७० टक्क्यांचं असतं, बाकीचं पाणी. काम करताना खिडकी उघडी, गॅस बंद, आणि देवापुढचा दिवाही विझलेला असू द्या.

वाळल्यावर रूळ राखाडी आणि खरबरीत दिसतो. आता पॉलिश पेपर. नागदेवी स्ट्रीटला पाण्यातला काळा पेपर सगळ्या नंबरांत सुटा मिळतो. ६००, १००० आणि २००० असे तीन घ्या. पेपर बोटानं दाबून घासू नका. बोट मऊ असतं, ते रुळाच्या दोन्ही कडांवरून घसरतं आणि माथा गोल होतो. मग चाकाला बसायला जागा राहत नाही. लाकडाचा एक सपाट ठोकळा घ्या, काडेपेटीएवढा, त्याला पेपर गुंडाळा. रुळाच्या लांबीतच घासा, आडवं कधीच नाही. ६०० नं फक्त जिथे खड्डे आहेत तिथे, आणि तेही जपून. १००० नं सगळीकडे दहा-बारा वेळा. २००० नं तोवर, जोवर खिडकीकडे धरल्यावर माथ्यावर एक अखंड पांढरी रेघ दिसत नाही.

२००० पर्यंत जायचं कारण असं. जाड पेपरनं रूळ लगेच चमकतो, पण त्यावर हजारो ओरखडे पडतात, आणि पुढची काजळी त्या ओरखड्यांत बसते. चाक फिरताना रुळाशी क्षणभर सुटतं आणि जुळतं, तिथे डोळ्याला दिसणार नाही अशी ठिणगी पडते, आणि ती ठिणगी जे जाळते त्याचा काळा थर होतो. रूळ जितका गुळगुळीत, तितकं चाक जास्त टेकतं, तितक्या ठिणग्या कमी. शेवटी मी स्टीलचा एक मोठा वायसर घेते आणि त्याच्या सपाट बाजूनं माथा दाबून घासते, वीसेक वेळा मागेपुढे. राहिलेले ओरखडे मिटतात. माथ्याबरोबर आतली वरची कडही घासायला विसरू नका. चाकाची कोर तिला लागते.

तारेचा घासणा, म्हणजे स्टील वूल, रुळाच्या जवळ आणू नका. मी आणला होता. त्याचे केसाएवढे तुकडे स्लीपरच्या मध्ये राहिले, आणि इंजिन वरून गेल्याबरोबर मोटरमधल्या चुंबकानं ते आत ओढले. मोटर उघडून चिमट्यानं एकेक तार काढायला दोन संध्याकाळ गेल्या.

रुळाच्या बाजूंवर गंजाचा तपकिरी रंग राहिला तर तो घासत बसू नका. माटुंग्याच्या फलाटावर उभं राहून खाली बघा: माथा आरशासारखा आणि बाजू तपकिरी. खऱ्या रुळाचा तोच रंग असतो. गंज नुसता रंगापुरता असेल, पापुद्रे सुटत नसतील, तर विजेचं त्यानं काही बिघडत नाही. पापुद्रे सुटत असतील तर तो तुकडा पुन्हा आम्लात घाला. आणि माथ्यावरच खोल खड्डे असतील, नखाला लागतील असे, तर तो तुकडा मुख्य मार्गात घालू नका. माझे सव्वीसपैकी पाच तसे निघाले. ते आता यार्डात आहेत, त्यांच्यावर डबे उभे असतात, वीज लागत नाही.

जर्मन सिल्व्हरच्या रुळांना गंज चढत नाही, मळ चढतो. त्यांना आम्ल नको, पितळी भांड्यांची पावडर नको, ६०० चा पेपरही नको. अल्कोहोलचं फडकं बोटाला गुंडाळून रूळभर फिरवा, फडकं काळं होईल, जागा बदला, पुन्हा फिरवा. फडकं जुन्या मलमलीचं घ्या, टॉवेलचं नको. टॉवेलचे धागे फिशप्लेटमध्ये अडकतात. चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांना शाईचं खोडरबर, ते निळं-खरखरीत टोक, हलक्या हातानं. मग २००० चा पेपर, फक्त पाच-सहा वेळा. माझे ते आठ गुलाबी तुकडे मी असेच परत आणले: माथ्यावरचा तांब्याचा थर घासून काढल्यावर खाली मूळचा चांदीसारखा धातू निघाला. बाजू अजून गुलाबी आहेत. पितळी रुळांनाही हीच रीत, फक्त ते लवकर काळवंडतात, म्हणून दर काही दिवसांनी करावं लागतं.

सांध्यांना, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या तुकड्यांना, बुडवायचं नाही. आत बारीक स्प्रिंग असते, ती गंजली की सांधा अर्धवट लागतो आणि इंजिन तिथेच रूळ सोडतं. सांध्यात दोन हलती पाती असतात. पातं कडेच्या रुळाला जिथे टेकतं तिथूनच बऱ्याच सांध्यांत वीज पुढे जाते. ती जागा बोटभर लांब आणि सुरीच्या धारेएवढी अरुंद. पोस्टकार्डाच्या कागदाची पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये भिजवा, पातं आणि रूळ यांच्या फटीत घाला, पातं बोटानं रुळाकडे दाबा आणि पट्टी हळू ओढून काढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. दुसरी पट्टी घ्या. रेघ उमटायची थांबली की सांधा साफ. पातं अडखळत असेल तर तेल घालू नका, तेल धूळ पकडतं. मऊ शिशाची पेन्सिल, ४बी किंवा ६बी, पात्याखालच्या स्लीपरवर घासा. सांध्याच्या मधल्या प्लॅस्टिकच्या भागावर आणि दोन रुळांना जोडेल अशा कुठल्याही जागी पेन्सिल लावू नका, पेन्सिलीचं शिसं, म्हणजे ग्राफाइट, वीज वाहून नेतं.

फिशप्लेट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि अर्धे बिघाड तिथे असतात. सुईनं आतला मळ खरवडा, सैल झाली असेल तर लांब नाकाच्या पकडीनं किंचित दाबून घ्या, इतकी की बसवताना थोडा जोर लागेल. गंजून पातळ झालेली टाकून द्या. रूळ जुना ठेवावा, फिशप्लेट नवी घ्यावी.

आता तपासणी. मामाचा जुना कंट्रोलर, म्हणजे घरची वीज कमी करून रुळांना देणारी पेटी, मी थेट प्लगमध्ये घातला नाही. त्याच्या वायरचं आवरण वाकवल्यावर तडकत होतं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घेतली, तुम्हीही तसंच करा. आत २३० व्होल्ट येतात. मग गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून १२ व्होल्ट, ५ वॅटचा छोटा बल्ब आणला, त्याला दोन वायरी जोडल्या. रूळ जोडून गोल करा, कंट्रोलर सुरू करा आणि बल्बच्या दोन वायरी दोन रुळांना टेकवत प्रत्येक तुकड्यावरून पुढे जा. खोलीतला दिवा मालवा म्हणजे फरक नीट दिसतो. बल्ब जिथे मंद होईल, त्याच्या अलीकडची फिशप्लेट दोषी. तिथे खडूनं खूण करा. मल्टिमीटरनंही हे होतं, पण मल्टिमीटर जेमतेम वीज ओढतो, त्याला कच्चा जोड चालतो. बल्ब इंजिनाएवढी वीज ओढतो, म्हणून खरं सांगतो.

माझ्या गोलात कंट्रोलरपासून सगळ्यात लांबच्या वळणावर बल्ब मंद होत होता, फिशप्लेटी बदलूनही. पुष्कळ जोड पार करून वीज तिथे पोचत होती, प्रत्येक जोडावर थोडी थोडी कमी होत. त्या वळणाला कंट्रोलरपासून वेगळ्या दोन वायरी नेऊन दिल्या. त्यात एक काळजी: आतल्या रुळाची वायर आतल्याच रुळाला. उलटी जोडलीत तर शॉर्ट होईल.

रूळ साफ झाले आणि चाकं तशीच राहिली तर दहा फेऱ्यांत सगळं पुन्हा काळं होतं. डब्यांची चाकं लाकडी आइसक्रीमच्या काडीनं खरवडा. प्लॅस्टिकच्या चाकांवर काळ्या मळाचं कडं जमलेलं असतं, ते साल निघावी तसं निघतं. इंजिनासाठी टिश्यू पेपरचा तुकडा अल्कोहोलनं ओला करून रुळांवर आडवा पसरा. इंजिनाची पुढची चाकं टिश्यूवर आणि मागची रुळावर ठेवा, इंजिन हातात धरून ठेवा, कंट्रोलर थोडा वाढवा. चाकं जागेवर फिरतात आणि टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन उलटं फिरवून मागची चाकं.

यानंतर रोज जमलं नाही तरी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं गाडी फिरवा. लोकलचे रूळ पावसाळ्यात रात्रभर उभे राहिले की पहाटे त्यांच्यावर पुसट तांबडी झाक असते आणि पहिल्या दोन-तीन गाड्या ती घासून नेतात. इथेही तसंच.

ठेवताना पोलादी रूळ शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवते, चालवण्याआधी तेल अल्कोहोलनं काढते. खोबरेल वापरू नका, ते खवट होऊन चिकटतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. मामाच्या रुळांवर गंजाबरोबर कागदही चिकटला होता. कपाटात डांबरगोळ्या असतील तर रूळ आणि डबे तिथे नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत निळ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळ्याच्या गुलाबी झाल्या की त्यांनी पोटभर ओल घेतली. त्या वाळवता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. मी नव्या पुड्या आणते.

मामाच्या बिस्किटांच्या डब्याचा तळ गंजून जाळीदार झाला होता, त्यात आता काही ठेवत नाही. नव्या डब्यात तीन कप्पे आहेत, प्रत्येकावर भाच्यानं चिठ्ठी लावली आहे: पोलाद, जर्मन, पत्रा. जून ते सप्टेंबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा उघडून पुड्यांचा रंग बघतो.